बसलेल्याचं डावं

क्योतो, २४ जानेवारी

रेन्जी,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून कागदावर लिहितेय. पत्ता तुझ्या नव्या वर्षाच्या कार्डावरून घेतला. दरवर्षी एक कार्ड, फक्त माझ्या नावाने. आईने ते हातात घेऊन मागूनपुढून पाहिलं, कुठे आपलं नाव आहे का म्हणून. हे तुला सांगायचं नव्हतं, पण माझ्या पोटात काय राहतंय?

आई हॉस्पिटलमध्ये आहे. बाहुलीच्या ओठांना रंग लावता लावता हातातला कुंचला गळाला आणि ती तशीच कलंडली. मेंदूच्या उजव्या बाजूचं रक्त अडलं म्हणाले. जीव वाचला. बोलते, माणसं ओळखते, जेवणाला नावं ठेवते. डावा हात मात्र गेला. बाकी ठीक आहे.

तू ये.

बाबांच्या अस्थी ठेवून आलो त्या दिवशी तू सगळ्यांसमोर म्हणालास, "बाहुल्या आता कोण घेतं? दुकान बंद करा, घर विका." आणि आई म्हणाली, "तुझं तोंड बघायचं नाही मला." ते तिने परत घेतलेलं नाही. घेणारही नाही, आपल्या आईला तू ओळखतोस. पण डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की दुसरा झटका येऊ शकतो, आणि तो आला तर सांगता येत नाही. म्हणजे काय ते तू समज. ती जाण्याआधी तुम्ही दोघांनी एकमेकांचं तोंड बघावं, एवढंच माझं मागणं आहे. माफी कुणी मागू नका. नुसतं बघा.

मी तिथे नसेन, काळजी करू नकोस. तू दुपारच्या भेटीच्या वेळी जा; मुलींचा, बाहुल्या मांडायचा सण तोंडावर आलाय, त्या वेळी मला दुकान सोडता येत नाही. कालच तोक्योहून एक बाई आली, राजा-राणीच्या बाहुल्या घेतल्या आणि हुज्जत घालत बसली की आमच्याकडे राजा डावीकडे बसवतात, तुम्ही उजवीकडे का मांडलाय? मी म्हटलं, बाई, क्योतोतही तो डावीकडेच आहे. या दुकानात डावं म्हणजे बसलेल्याचं डावं, बघणाऱ्याचं नव्हे. आईचंच वाक्य तोंडावर फेकलं. बाईने निमूट पैसे दिले.

तर, चौथा मजला, शेवटची खोली. गेलास की डावीकडे बस. उजवीकडे नको. का म्हणून विचारू नकोस, ताई सांगते म्हणून बस.

तोमोए


क्योतो, ११ फेब्रुवारी

वा रे पठ्ठ्या!

सप्पोरोहून विमानाने आलास, आणि बसलास किती वेळ? हामागुची नर्स म्हणाली, मी औषधांची गाडी घेऊन दारात पोचले तोवर तुमचे भाऊ निघालेसुद्धा. खाली काउंटरवर बिस्किटांचा डबा ठेवून. आपण काय शेजारी आहोत का रे, डबा ठेवून जायला? दुकान कोपऱ्यावर होतं. मी होते. चहा तरी घेतला असतास. मी त्या बिस्किटांना हात लावला नाही. खोटं कशाला बोलू, दोन खाल्ली.

मला वाटलं होतं की तू आलास की सगळं आपोआप होईल. एवढीशी अपेक्षा होती. तीही तू मातीत घातलीस.

मी संध्याकाळी गेले तर आई विचारते, "तोमोए, रेन्जी आला होता का गं? आवाज आला मला."

"आला होता."

"मग दिसला का नाही?"

मी म्हटलं, डोळा लागला असेल तुझा. तर म्हणे, "टक्क जागी होते मी. चांगली ऐकली त्याची हाक." आणि मग खिडकीजवळच्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाली, "ती कुणाला देऊ नकोस. तो परत येईल ना, तर बसायला हवी." तेव्हापासून त्या खुर्चीवर ती कुणाला टेकू देत नाही. मामाला उभं ठेवलं. काल डॉक्टर बसायला गेले तर त्यांनाही म्हणाली, "ती मुलाची आहे."

ऐकतोयस ना? जिला तू दगड समजतोस, तिचं हे चाललंय.

आणि आता निघालंच आहे तर आणखी एक. तू दरवर्षी एक छोटा गेम करून नेटवर फुकट टाकतोस, दुसऱ्याच नावाने, ते मला माहीत आहे. सगळे खेळलेय मी. नाव बदललंस तरी कुत्र्याची शेपटी तीच काढतोस, वाकडी. आई माझ्या खांद्यावरून बघायची. एकदा मी म्हटलं, याचं तोंड बघायचं नव्हतं ना तुला? तर म्हणाली, "तोंड बघायचं नाही म्हटलं होतं. गेम बघायचा नाही असं कुठे म्हटलं?" मागच्या गेममध्ये तू गल्लीच्या टोकाला तोफूवाल्याची गाडी ठेवलीस ना, ती दिसल्यावर हसली आणि मग उठून आत गेली, बराच वेळ बाहेर आली नाही.

ती अर्धंच जेवते हल्ली. हाताला सराव म्हणून तिला एक बाहुली रंगवायला दिली, तर तोंड अर्धंच रंगवलं, एक डोळा, एक भुवई, आणि म्हणाली, "झाली." थकते बहुतेक.

पुन्हा ये. या वेळी माणसासारखा बस. तीच जागा, मागच्या वेळी सांगितली ती.

ताई


क्योतो, २८ फेब्रुवारी

रेन्जी,

आज आईला नेलं.

दुसरा झटका परवा पहाटे आला. मी पोचले तेव्हा संपलं होतं.

मामाने तुला निरोप ठेवला होता. तू आला नाहीस. मी दाराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि पूर्ण वेळ दाराकडेच बघत होते. अस्थी उचलायला दोघं लागतात, दोघांनी काड्यांनी एकच हाड धरायचं. तुझ्या जागी मामा उभा राहिला. त्याच्या काड्यांतून एक हाड निसटलं. तू असतास तर निसटलं नसतं. लहानपणी पाटातले मासे काड्यांनी धरायचास तू.

दुकानात राजा-राणी मांडलेले आहेत. गिऱ्हाइकं येतात, मी बांधून देते. सण तीन तारखेला आहे, तो काही कुणासाठी थांबत नाही.

मला तुझा राग आला आहे. साधासुधा नाही.

तोमोए


क्योतो, २१ मार्च

रेन्जी,

तुझं कार्ड मिळालं. सगळ्या वर्षांत तू मला लिहिलेली पहिली खरी ओळ, आणि ती ही! "मी आलो होतो. आई म्हणून हाक मारली. तिने तोंड फिरवलं. दोनदा. तिचं म्हणणं तिने खरं केलं. पुरे झालं, ताई."

मी ते कार्ड टेबलावर आपटलं. मग उचललं, मग पुन्हा आपटलं. आई तोंड फिरवेल? तुझ्यासाठी डॉक्टरला उभं ठेवणारी बाई? "दिसला का नाही" म्हणून मला छळणारी बाई? तू खोटं बोलतोयस असं आधी वाटलं. पण तू कामचुकार आहेस, हट्टी आहेस, खोटारडा कधीच नव्हतास. लहानपणी फुलदाणी फोडलीस की तुकडे घेऊन स्वतःच यायचास.

मग तिने तोंड फिरवलं असेल. पण मग का?

मला एकच सांग. तू कुठे बसला होतास? एक शब्द लिही, पुरे. राग, हिशेब, सगळं नंतर करू.

ताई


क्योतो, ६ एप्रिल

रेन्जी,

हे पत्र बसून वाच. नीट वाच, आणि मध्येच फाडू नकोस.

तुझं दुसरं कार्ड आलं. "डावीकडे. तू सांगितलंस तसं." वाचून मी आणखीच चक्रावले. डावीकडे बसला होतास, मग आईला दिसायला हवा होतास. मला काही सुचेना. सण संपला, दुकानात शुकशुकाट, मी माळ्यावरची खोकी आवरायला घेतली आणि तुझा जुना कॉम्प्युटर सापडला. चालू होईल असं वाटलं नव्हतं. झाला. कुरकुरत, आईसारखा.

आपला गेम होता त्यात. आठवतो? बाहुल्यांचं खोकं घेऊन पोरगी दुकानातून निघते आणि गल्ल्यागल्ल्यांतून गिऱ्हाइकाकडे जाते. नकाशा माझा, बाकी कोड तुझा, मध्येमध्ये तू मलाही थोडं लिहायला द्यायचास. मी नकाशाचं शून्य आपल्या उंबरठ्यावर ठेवलं होतं, आणि उत्तरेला जायचं ते "वर", आपल्या शहरात सगळे बोलतात तसं. तू डोकं धरून बसलास. "ताई, कॉम्प्युटर वरच्या डाव्या कोपऱ्यातून मोजतो. आणि खाली खाली जातो." मी म्हटलं, "घर काय छपरापासून मोजतात का रे मूर्खा?" मग तू मला शिकवलंस, मोठ्या मास्तरच्या थाटात. जग वेगळं, स्क्रीन वेगळी. जगातल्या जागेतून कॅमेरा, म्हणजे स्क्रीन नकाशावर कुठे सरकलीय ते, वजा केला की स्क्रीनवरची जागा मिळते. कुणी स्क्रीनवर क्लिक केलं की उलट, कॅमेरा मिळवायचा, म्हणजे जगातली जागा. "आणि हे एकदाच करायचं, ताई. एकदाच."

आणि तरी काय झालं? दुकानासमोर क्लिक केलं की पोरगी बरोबर जायची. घरापासून लांब गेली की भलतीकडे. मासळीवाल्यावर क्लिक करावं तर ही थेट नदीत. आख्खा दिवस भांडलो आपण. मी तुझ्या अंगावर उशी फेकली. शेवटी सापडलं ते असं, की कॅमेरा तूही मिळवला होतास आणि मीही. तुला वाटलं ताईला हे जमायचं नाही. मला वाटलं रेन्जी विसरणार. आई रंगाच्या वाट्या धूत होती, ती तिथूनच म्हणाली, "दोघंही शहाणे निघालात, म्हणून माझी पोरगी बुडाली."

मी परवा तो गेम लावून बसले होते, पोरगी चालत होती, आणि आईचं ते वाक्य आठवून मला हसू आलं. मग हसू तोंडातच राहिलं.

रेन्जी, मी "डावीकडे" लिहिलं ते तुझ्या भाषेत लिहिलं होतं. तुला दुकान सोडून किती वर्षं झाली, तुझं सगळं स्क्रीनवरचं, तू बघणाऱ्याच्या बाजूने विचार करणार, म्हणून मी मुद्दाम उलटवून लिहिलं. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून बघणाऱ्याचं डावं. म्हणजे आईचा उजवा हात. खिडकीची बाजू.

आणि तू? तू ते आमच्या भाषेत वाचलंस ना? ताई दुकानातली, तिचं डावं म्हणजे बसलेल्याचं डावं. त्याच पत्रात मी तोक्योच्या बाईचं पुराण लावलं होतं, मग तू दुसरं काय समजणार! वर डावा हात गेला असंही मीच लिहिलेलं. तुला वाटलं असेल, त्या हाताशी बसायला सांगतेय.

आयुष्यात पहिल्यांदा आपण दोघांनी एकमेकांचा विचार केला, आणि नेमका एकाच वेळी केला.

आज मी हॉस्पिटलात जाऊन हामागुची नर्सला गाठलं. विचारलं, माझा भाऊ कुठे बसला होता? ती म्हणाली, "भिंतीच्या बाजूला. मला जरा नवल वाटलं, पण म्हटलं, तुम्ही त्यांना सांगितलं असेलच." मी काही सांगितलं नव्हतं. ते आता सांगते.

"बाकी ठीक आहे" हे खोटं होतं. आईचा नुसता डावा हात गेला नव्हता, तिची आख्खी डावी बाजू गेली होती. डोळे चांगले होते, पण डावीकडे काही असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. वाडग्यातला उजवीकडचा भात संपवायची आणि "एवढाच?" म्हणून चिडायची. मी वाडगा फिरवला की म्हणायची, "अगंबाई, हा कुठून आला?" अर्धंच जेवते म्हणून लिहिलं होतं, ते हे. अर्ध्या तोंडाची बाहुली, ती हीच. थकली नव्हती ती. तिच्या मते बाहुली खरंच झाली होती.

मी लपवलं, कारण तू म्हणाला असतास, बघ, आता तोंडं कोण रंगवणार, विका घर. मला ते ऐकायचं नव्हतं. तेवढ्यासाठी लपवलं. तू मला काय म्हणायचं ते म्हण.

आता पुढचं. नर्स म्हणाली की अशा माणसाला डावीकडून हाक मारली तर तो डावीकडे वळत नाही. त्याच्यासाठी तिकडे काही नसतंच. तो उजवीकडे शोधतो. जेवढी मोठी हाक, तेवढा जास्त उजवीकडे.

तू हाक मारलीस तेव्हा ती गाडी घेऊन दारातच उभी होती. तिने सगळं पाहिलं. तू म्हणालास, "आई." आईने झटकन मान वळवली, खिडकीकडे. तू पुन्हा म्हणालास, "आई, मी आहे." तर तिने मान आणखी वळवली, पार उशीत गाल रुतेपर्यंत, आणि चालता हात खिडकीकडे पुढे करून चाचपायला लागली. तू उठलास आणि निघालास. नर्स म्हणाली की तुला घाई असेल असं तिला वाटलं. तू तिच्या शेजारून गेलास तेव्हा आई त्या रिकाम्या खुर्चीला म्हणत होती, "ये. बस ना. एवढ्या लांबून आलास."

तिने तोंड फिरवलं नाही रे. ती तुला बघायला वळली होती. दोन्ही वेळा.

मी हे लिहिताना रडतेय, आणि तूही रडशील. रड. पण तिने तुला टाकलं असं मनात घेऊन पुढचा एक दिवससुद्धा काढू नकोस. एवढ्यासाठी हे पत्र आहे. दुकान विकायचं असेल तर विकू. तोंडं रंगवणारी गेलीच. त्याबद्दल मी आता भांडणार नाही, निदान दारातच तरी नाही.

आईच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी पंधरा तारखेला येतो. घरीच करणार आहे, पुढच्या खोलीत. मठातले गुरुजी येतील, मामा येईल. आईचा फोटो मांडलाय, शेजारी ती अर्ध्या तोंडाची बाहुली ठेवलीय. मामा म्हणाला, ही कशाला, अपशकुनी दिसते. मी म्हटलं, राहू दे, आईने पूर्ण केलेली आहे ती.

तुझी गादी घातलीय. डावं-उजवं मी यापुढे कुणाला लिहिणार नाही. ज्या शहरात "डावा" विभाग, दक्षिणेकडे तोंड करून बसलेल्या सम्राटाचा डावा म्हणून, नकाशात उजवीकडे असतो, तिथे आपण दोघं कुठून सुधारणार! गादी डोंगराच्या बाजूला आहे. हिएइ डोंगराच्या. तो तुझ्याकडून बघितला काय, माझ्याकडून बघितला काय, आहे तिथेच असतो. आधीही मी असंच लिहायला हवं होतं, "खिडकीजवळच्या खुर्चीवर बस", तीन शब्दांचं काम होतं.

दार उघडंच असेल. सरळ आत येऊ नकोस, उंबरठ्यावरून हाक मार. मी आवाजाकडेच वळेन.

तुझी ताई